कातडीची मालकी कोणाची?

(अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



लंडनहून निघणाऱ्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र प्रसिद्ध झाले. त्यात हकिकत होती ती कावसजी नावाच्या, जातीने शेतकरी असलेल्या एका मराठी गाडीवानाची. इंग्रजांच्या फौजेत तो बैल हाकीत असे. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया होताना पाहिली होती.

पत्रात क्रियेचे वर्णन बारकाईने दिलेले आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून त्याला नाकाचा आकार द्यावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा आणि त्याच्या कडेने रेघ मारावयाची. त्या रेघेबरहुकूम कपाळाची कातडी सोडवावयाची, परंतु दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवावयाची. ही पट्टी म्हणजे त्या कातडीचा देठ. कातडी फिरवून खाली आणली, खुंटाला छेद देऊन त्यात बसवली, काताच्या लेपाच्या चिंध्यांनी चिकटवली, की नवी जागा तिला धरून घेईपर्यंत रक्तपुरवठा या देठातून चालू राहतो. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापावयाचा. आजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला यात चूक काढण्याजोगे फारसे काही सापडणार नाही.

या घटनेत कोणाकोणाची नावे इतिहासाला ठाऊक आहेत ते पाहा. रोग्याचे नाव आहे. पाहणाऱ्या दोन डॉक्टरांची नावे आहेत. पेशवे दरबारात वावरलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये कावसजीचे चित्र काढले. त्याचे नाव आहे. ज्याच्या हातात वस्तरा होता, त्याचे मात्र नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याची फक्त जात लिहिली. वीस वर्षांनंतर, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने ही पद्धत लंडनमध्ये वापरली. १८१६ मध्ये त्याने तिच्यावर पुस्तक लिहिले आणि युरोपात तिला ‘भारतीय पद्धत’ असे नाव पडले. देशाचे नाव मिळाले, कारागिराचे नाही.

नाक, कान, जळालेली कातडी, तुटलेली बोटे पुन्हा घडविणारी शस्त्रक्रिया आणि तिच्या पुढचे पाऊल असलेली ऊतक-अभियांत्रिकी, म्हणजे माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांपासून अवयवाचा भाग तयार करण्याचे शास्त्र, यांचा विचार करताना हा प्रश्न पहिल्या पायरीपासून बरोबर ठेवणे जरूर आहे. हे ज्ञान कोणाच्या हातांनी निर्माण झाले, कोणाच्या शरीरांवर तपासले गेले, आणि शेवटी ते कोणाच्या वाट्याला येणार? विज्ञानाची प्रगती हा एक प्रश्न आणि तिचे वाटप हा दुसरा, अशी फारकत येथे करता येत नाही.

आपल्याकडे या विषयाची चर्चा निघाली की सुश्रुताचे नाव घेतले जाते आणि समाधानाने विषय संपतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात झाडाच्या पानाने माप घेऊन गालाच्या कातडीने नाक करण्याचा विधी आहे, हे खरे. मृत शरीराचे प्रत्यक्ष निरीक्षण केल्यावाचून वैद्याने शस्त्र हाती धरू नये, अशी तिची शिकवण आहे, हेही खरे. परंतु मग ती विद्या वैद्यांच्या घराण्यांतून सुटून वीटकामगाराच्या झोपडीत का गेली? आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात याचे उत्तर दिले आहे. प्रेताला स्पर्श करणे आणि हाताने काम करणे ज्या समाजाने हीन ठरविले, त्याने बुद्धी आणि हात यांची ताटातूट केली, आणि विचार करणारे प्रयोगाला मुकले. कारागिरांनी विद्या टिकविली, तिच्यात कपाळाच्या कातडीची सुधारणाही रुजविली. पण त्यांना लिहिण्याचा अधिकार नव्हता, म्हणून ती वाढली नाही. सुश्रुताचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या दुसऱ्या अर्ध्या गोष्टीचीही जबाबदारी घ्यावयास हवी.

युरोपात ही विद्या वाढली ती युद्धांमुळे. पहिल्या महायुद्धात खंदकांतून डोके वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे तोफगोळ्यांनी उडाले. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले हॅरॉल्ड गिलीज यांनी १९१७ मध्ये इंग्लंडमधील सिडकप येथे अशा जखमींसाठी स्वतंत्र रुग्णालय उभे केले. तेथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. कातडीचा पट्टा नळीसारखा गुंडाळून, त्याचा देठ जिवंत ठेवून, तो टप्प्याटप्प्याने चेहऱ्यापर्यंत नेण्याची गिलीज यांची युक्ती याच काळातली. देठाचे तत्त्व तेच, पुण्याचे. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पेटत्या इंधनाने भाजलेल्या वैमानिकांवर आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी ईस्ट ग्रिन्स्टेड येथे उपचार केले. १९४१ मध्ये त्या वैमानिकांनी आपली एक संघटना काढली आणि तिला ‘गिनीपिग क्लब’ असे नाव दिले. आपल्या शरीरावर प्रयोग चालले आहेत हे त्यांना ठाऊक होते आणि ते हसत हसत सांगण्याइतके ते निर्भयही होते. सर्वच प्रयोगपात्रांना हे भाग्य लाभलेले नाही.

याच महायुद्धाने एक मूलभूत प्रश्न पुढे आणला. देह निम्म्याहून अधिक भाजला असेल तर रोपणासाठी स्वतःची कातडी पुरत नाही. मग दुसऱ्याची का चालू नये? पीटर मेडावर यांनी टॉमस गिब्सन यांच्यासमवेत ग्लासगोच्या रुग्णालयात भाजलेल्या एका स्त्रीवर केलेली निरीक्षणे १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. परक्याची कातडी प्रथम धरते, नंतर गळून पडते. आणि त्याच माणसाची कातडी दुसऱ्यांदा लावली तर ती आणखी लवकर गळते. शरीर आपले आणि परके ओळखते, आणि ते लक्षातही ठेवते. प्रतिकारशक्तीच्या या अभ्यासासाठी मेडावर यांना १९६० मध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. व्यवहारात याचा अर्थ असा की दुसऱ्याची कातडी काही आठवड्यांचे पांघरूण होऊ शकते, कायमची कातडी होऊ शकत नाही.

मग स्वतःचीच कातडी वाढविता आली तर? १९७५ मध्ये अमेरिकेतील हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी काचपात्रात पिढ्यान्‌पिढ्या वाढविण्याची रीत शोधून काढली. ग्रीन कातडी करावयास निघाले नव्हते. उंदराच्या एका अर्बुदाचा अभ्यास करीत असताना त्यांना त्वचेसारख्या पेशींचे पुंजके दिसले. उंदराच्या संयोजी पेशींवर किरणांचा मारा करून त्यांची वाढ थांबवावयाची आणि त्यांच्या थरावर त्वचेच्या पेशी पेरावयाच्या, ही ती रीत. टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यापासून तीन-चार आठवड्यांत सबंध देह झाकेल एवढी बाह्यत्वचा तयार होऊ शकते, असे दिसून आले. १९८३ मध्ये वायोमिंग राज्यातील दोन लहान भावांचे शरीर ९५ टक्क्यांहून अधिक भाजले. त्यांच्या काखेत उरलेल्या अखंड कातडीचे लहान तुकडे घेऊन बॉस्टन येथे त्यांच्यासाठी बाह्यत्वचा वाढविण्यात आली. तिने निम्मे अंग झाकले गेले. मुले वाचली. १९८४ मध्ये ही हकिकत वैद्यकीय जगापुढे आली, तेव्हा ते एक युगांतर होते यात शंका नाही.

या शास्त्राचे सामर्थ्य नाकारणे अडाणीपणाचे होईल. २०१५ मध्ये जर्मनीतील बोखुम येथे सात वर्षांचा एक निर्वासित मुलगा दाखल झाला. जन्मजात जनुकीय दोषामुळे त्याची कातडी स्पर्शाने सुटून येत होती. इटलीतील मॉदेना विद्यापीठाचे मिकेले दे लुका आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच्या पेशींतील दोष दुरुस्त केला, त्यांपासून नवी बाह्यत्वचा वाढविली आणि त्याच्या देहाचा सुमारे ८० टक्के भाग तिने झाकला. २०१७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले, तेव्हा तो मुलगा शाळेत जात होता. ज्या मुलाकडे देश नव्हता आणि पैसाही नव्हता, त्याच्यासाठी इतके विज्ञान एकवटले. विज्ञान काय करू शकते याचा हा पुरावा आहे, तसा तो समाजाने ठरविले तर काय होऊ शकते याचाही आहे.

परंतु या शास्त्राच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत, कारण बाजार त्या सांगत नाही. काचपात्रात वाढते ती फक्त बाह्यत्वचा. ती कागदाहून नाजूक असते. कातडीला बळ आणि लवचीकपणा देते ती खालची अंतस्त्वचा. ती नसेल तर नव्या कातडीवर फोड येतात, ती आक्रसते, जंतुसंसर्गाने विरघळून जाते. १९८६ मध्ये चार्ल्स क्युओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मार्ग दाखविला. मृत दात्याची कातडी आधी जखमेवर लावावयाची. तिचा वरचा थर काढून खालची अंतस्त्वचा तशीच ठेवावयाची. आणि तिच्यावर रोग्याची स्वतःची वाढविलेली बाह्यत्वचा अंथरावयाची. म्हणजे सर्वांत प्रगत शास्त्रालाही एका अनोळखी मृत माणसाच्या दानावर उभे राहावे लागते. शिवाय अशा कातडीत घर्मग्रंथी नसतात. जिचे निम्मे अंग अशा कातडीने झाकले आहे तिला त्या भागात घाम येत नाही. बॉस्टनमध्ये ही अडचण असेल. चंद्रपूरच्या मे महिन्यात तो जिवाचा प्रश्न होतो.

दुसरी मर्यादा रक्ताची. जिवंत पेशी रक्तकेशिकेपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांहून दूर फार काळ जगत नाही. प्राणवायू तेथवर पोचत नाही. म्हणून जाड अवयव घडविणे कठीण. कूर्चा मात्र रक्तवाहिन्यांवाचून राहू शकते. म्हणून कान आणि नाक यांच्या बाबतीत हे शास्त्र आधी पुढे सरकले. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच वृद्धांची हकिकत प्रसिद्ध केली. कर्करोगामुळे त्यांच्या नाकाची पाकळी काढावी लागली होती. नाकाच्या पडद्यातील पेशी चार आठवडे वाढवून त्यांपासून कूर्चा तयार केली गेली आणि ती नाकात बसविण्यात आली. तिच्यावर कातडी कोठली घातली? कपाळाची किंवा गालाशेजारची, देठासह फिरवून आणलेली. एकविसाव्या शतकातील ही कूर्चा शेवटी पुण्याच्या त्या कारागिराच्या पदराखालीच जाऊन विसावली.

जेथे मर्यादा मान्य केल्या जात नाहीत तेथे काय होते, याचे उदाहरण स्वीडनमध्ये घडले. पाओलो माक्यारिनी या शल्यविशारदाने २०११ पासून स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का येथे प्लास्टिकची श्वासनलिका रोग्याच्या मूळपेशींनी माखून बसविण्यास आरंभ केला. ती जिवंत ऊतक होईल, असा दावा होता. ती झाली नाही. स्वीडनमध्ये ज्या तिघांवर ही शस्त्रक्रिया झाली ते तिघेही पुढे दगावले. संस्थेतीलच काही डॉक्टरांनी आवाज उठविला तेव्हा त्यांचे ऐकले गेले नाही. २०१६ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटाने प्रकरण उघडे पाडले. जून २०२३ मध्ये तेथील अपील न्यायालयाने माक्यारिनींना गंभीर शारीरिक इजेच्या तीन गुन्ह्यांबद्दल अडीच वर्षांची शिक्षा दिली. एवढ्या सुधारलेल्या देशात हे घडले, कारण कीर्तीची घाई आणि संस्थेची प्रतिष्ठा यांच्यापुढे रोगी दुबळा ठरला. जेथे रोगी निरक्षर आहे आणि डॉक्टरला ‘देव’ म्हणतो, तेथे किती अधिक जागे राहावे लागेल?

आता मालकीचा प्रश्न. १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स ही तंबाखूच्या शेतात राबलेली कृष्णवर्णीय स्त्री कर्करोगाने वारली. तिच्या अर्बुदाच्या पेशी तिला न विचारता घेण्यात आल्या. त्या प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिल्या, जगभर विकल्या गेल्या. पेशी-संवर्धनाच्या आजच्या शास्त्राचा पाया ज्या थोड्या गोष्टींवर उभा आहे त्यांपैकी ही एक. तिच्या वारसांशी एका मोठ्या कंपनीने तडजोड केली ती २०२३ मध्ये, म्हणजे बहात्तर वर्षांनी. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जॉन मूर नावाच्या रोग्याचा दावा आला. त्याच्या काढलेल्या प्लीहेच्या पेशींवर त्याच्या डॉक्टरने पेटंट घेतले होते. न्यायालयाने म्हटले की आर्थिक हितसंबंध रोग्याला सांगणे डॉक्टरचे कर्तव्य होते. परंतु काढून घेतलेल्या पेशींवर रोग्याचा मालकी हक्क नाही. म्हणजे जिच्या शरीरात पेशी जन्मली तिची ती मालमत्ता नाही. ज्याने ती बाटलीत वाढविली त्याची मात्र ती मालमत्ता होऊ शकते! मालमत्तेच्या कायद्याचे हे तर्कशास्त्र कष्टकऱ्यांना नवे नाही. शेतात पिकते एकाचे आणि कोठारावर नाव दुसऱ्याचे, हे ते पूर्वापार पाहात आले आहेत.

कातडी वाढविण्याची विद्याही अशीच विद्यापीठातून निघाली आणि पुढे खासगी कंपन्यांच्या हाती गेली. येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. निर्जंतुक उत्पादन, दर्जाची तपासणी, वेळेवर पुरवठा ही कामे कंपन्यांनी कौशल्याने केली आहेत. नुसत्या घोषणांनी ती होत नसतात. पण कंपनी ज्याचे गणित जमते तेच बनविते. कातडी गमावणारे लोक बहुतांशी गरीब असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे १,८०,००० माणसे भाजून मरतात आणि त्यांतील बहुसंख्य कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात. एकट्या भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. ज्या आजाराचा रोगी पैसे देऊ शकत नाही, त्या आजाराचे संशोधन बाजारावर सोपविणे म्हणजे त्या रोग्याला सोडून देणे होय.

‘मग गरीब देशाने असल्या महागड्या संशोधनाच्या नादी लागावेच कशाला?’ असा प्रश्न आपल्यातीलच काही जण विचारतात. हा प्रश्न सद्‌हेतूचा असला तरी चुकीचा आहे. संशोधन करावयाचे नाही असे ठरविणे म्हणजे दुसऱ्याने केलेले संशोधन त्याच्या भावाने विकत घेण्याचे ठरविणे. संशोधन करावयाचेच, मात्र प्रश्न आपले निवडावयाचे. उष्ण हवेत टिकणारे, शीतपेटीवाचून तालुक्याच्या रुग्णालयात पोचणारे त्वचेचे आच्छादन. घर्मग्रंथींसह वाढणारी कातडी. स्वस्त आणि येथेच बनणारा कोलॅजेनचा सांगाडा: हे प्रश्न सोपे नाहीत आणि ते दुसरे कोणी आपल्यासाठी सोडविणार नाही.

असे संशोधन आपल्याकडे झालेच नाही असे नाही. त्याची वाहवा झाली नाही, एवढेच. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमेवर वापरण्याचा अनुभव आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी अभ्यासून २००३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पान जखमेला चिकटत नाही, म्हणून पट्टी बदलताना रोगी ओरडत नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९८८ मध्ये ऊतकपेढी सुरू केली. बाळंतपणानंतर टाकून दिले जाणारे गर्भवेष्टन गोळा करून, तुर्भे येथे किरणोत्साराने निर्जंतुक करून, ते जखमांवर आच्छादन म्हणून दिले जाऊ लागले. सूतिकागृहातील आई, अणुसंशोधन केंद्र आणि भाजलेला रोगी यांना जोडणारी ही साखळी सार्वजनिक संस्थांनी उभारली. बटाट्याची साल आणि अणुशक्ती या दोहोंना एकाच हेतूने हाती धरणे, यालाच स्वावलंबी विज्ञान म्हणावे.

याच शीवच्या रुग्णालयात २००० साली त्वचापेढी स्थापन झाली, ती देशातील पहिली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत दात्याच्या मांड्या, पाय आणि पाठ यांवरील कातडीचा अगदी पातळ थर काढला जातो. रक्तगट जुळावा लागत नाही. रक्त वाहात नाही, देह विद्रूप होत नाही. ग्लिसरीनमध्ये थंड जागी ठेवलेली ही कातडी पाच वर्षांपर्यंत वापरता येते. मेडावर यांनी दाखविल्याप्रमाणे ती कायमची धरत नाही. परंतु ज्या दोन-तीन आठवड्यांत रोगी पाणी आणि क्षार गमावून किंवा जंतुसंसर्गाने दगावतो, नेमके ते आठवडे ती निभावून नेते. २०११ मध्ये अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ऊतकांचाही त्यात समावेश झाला. ऐरोली, पुणे, नागपूर येथेही त्वचापेढ्या निघाल्या. तरीही नेत्रदान घरोघर ठाऊक आहे आणि त्वचादान नाही.

आणि जळणारे कोण? स्वयंपाकघरात, फडफडत्या स्टोव्हपाशी किंवा उघड्या चुलीपाशी, साडीचा पदर सावरीत बसलेली स्त्री. सासरच्या छळाने पेटविली गेलेली किंवा पेटून घेतलेली सून. नकार दिला म्हणून जिच्या चेहऱ्यावर ॲसिड फेकले गेले ती मुलगी. भट्टीपाशी आणि विजेच्या उघड्या तारांशी काम करणारा मजूर. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲसिडच्या विक्रीवर निर्बंध घातले आणि २०१५ मध्ये ॲसिडहल्ल्यातील पीडितांवर खासगी रुग्णालयांनीही विनामूल्य उपचार केले पाहिजेत, त्यांत पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियाही आल्या, असे स्पष्ट केले. न्यायालयाने हक्क दिला. पण जखम झाकण्यासाठी कातडी, प्रशिक्षित परिचारिका आणि हनुवटी छातीला चिकटू नये म्हणून महिनोन्‌महिने मानेला पट्टा बांधून व्यायाम करून घेणारा माणूस जेथे नाही, तेथे तो हक्क कागदावरच राहतो. पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियेचा मोठा भाग असल्या आक्रसलेल्या मानांवर आणि हातांवर खर्ची पडतो, आणि त्यांतील पुष्कळ विकृती वेळेवर बांधलेल्या साध्या पट्टीने टळू शकतात.

ही दृष्टी महाराष्ट्राला ज्यांनी दिली त्यांत डॉ. नोशीर अंतिया यांचे स्थान मोठे आहे. गिलीज यांच्या हाताखाली शिकून ते परत आले. पुण्याजवळ कोंढव्याला त्यांनी कुष्ठरोग्यांची बसलेली नाके आणि वाकडी झालेली बोटे नीट करण्याचे काम केले. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते त्यांना चेहरा परत दिला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. कानाची कड दुरुस्त करण्याची १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत जगभर त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. असा हा शल्यविशारद १९७०च्या दशकात अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात गेला आणि गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करू लागला. त्यांनी शस्त्र टाकून दिले असा याचा अर्थ नाही. शस्त्रक्रियागृहाच्या दारात पोचलेला रोग फार आधी, गावात, दारिद्र्यात सुरू झालेला असतो, हे त्यांना दिसले. नाक परत देणे आणि नाक जाऊ नये अशी व्यवस्था करणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात भाजलेल्यांसाठी स्वतंत्र कक्ष आणि त्याला जोडलेली त्वचापेढी असावी. जनतेच्या पैशाने झालेल्या ऊतक-संशोधनाचे फळ सार्वजनिक रुग्णालयांना उत्पादनखर्चात मिळेल, अशी अट अनुदान देतानाच लिहून घ्यावी. ज्याच्या शरीरातून पेशी घेतल्या त्याला त्याच्या भाषेत सांगून संमती घ्यावी, आणि त्या पेशींतून पैसा निर्माण झाला तर तो कोठे जातो हे उघड असावे. नव्या उपचाराचे यश जसे जाहीर होते तसे अपयशही जाहीर करण्याचे बंधन असावे, आणि ते उघड करणाऱ्या कनिष्ठ डॉक्टरला व परिचारिकेला संरक्षण असावे. सुरक्षित शेगडी, सुरक्षित तार आणि सुरक्षित कारखाना यांना आरोग्याच्या अंदाजपत्रकात जागा मिळावी.

या सर्व गोष्टी सरकारकडून करवून घेण्यासाठी झगडावे लागेल आणि त्याला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र कोणाची वाट पाहात नाही. मृत्यूनंतरच्या सहा तासांत त्वचापेढीला निरोप देण्याचे काम कोणत्याही कुटुंबाला करता येते. त्यासाठी तो निर्णय मरणाच्या गडबडीत नव्हे, आधीच, जेवताना बसून, घरात बोलून ठेवावा लागतो. युनियनच्या कचेरीत, महिला मंडळात, महाविद्यालयाच्या वसतिगृहात त्वचापेढीचा दूरध्वनी क्रमांक फळ्यावर लिहिलेला असावा. दात्याची जात, धर्म, रक्तगट विचारला जात नाही, घेणाऱ्याचाही नाही. ज्या दिवशी शीवच्या किंवा नागपूरच्या कक्षातील परिचारिकेला ‘कातडी शिल्लक नाही’ असे रोग्याच्या आईला सांगावे लागणार नाही, त्या दिवशी या शास्त्रावर आपला काही हक्क आहे असे म्हणता येईल.